आढळले नाही

ती बाटली अजून आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये आहे. खालच्या कप्प्यात, अगदी मागे, मुदत संपलेल्या बफरच्या बाटल्यांच्या आड. कधीकाळी तिच्यात थंड पेय असावं. लेबल सोलून काढलंय, गोंदाचा चिकट पट्टा तेवढा राहिलाय. बुचाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा घालून बूच घट्ट पिरगळलेलं. वर नंबर नाही, तारीख नाही, वेळ नाही, सही नाही. आमच्या भाषेत हे 'सँपल' नव्हेच, कोणीतरी आणून दिलेलं पाणी आहे. रीतीप्रमाणे मी ते त्याच दिवशी ओतून टाकायला हवं होतं. दोनदा बेसिनपर्यंत नेलं आणि दोन्ही वेळा परत ठेवलं. फ्रिज साफ करायची वेळ आली की सहकारी विचारतात, "हे काय आहे?" आणि मी म्हणते, "राहू दे."

त्या दिवशी आम्ही हापशावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कचऱ्याच्या जुन्या डेपोच्या आसपासचं भूजल दर तीन महिन्यांनी तपासायचं, असं ते काम. डेपो बंद होऊन बरीच वर्षं झाली तरी त्या ढिगातून काळपट पाणी झिरपत राहतं, आणि ते कुठवर पोचलं हे बघायचं. त्यातला हा सहा नंबरचा हापसा. काम ठरलेलं. आधी पाचेक मिनिटं हापसून पाणी सोडून द्यायचं, म्हणजे पाइपात तुंबलेलं निघून जातं आणि जमिनीतलं ताजं येतं. मग हातमोजे बदलायचे. धातूंसाठीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची आणि आत नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकायचे. जिवाणूंसाठीची निर्जंतुक काचेची बाटली मात्र अजिबात विसळायची नाही. लेबल, वेळ, सही, बर्फाची पेटी. आमचा मदतनीस मुलगा हापसत होता आणि सोडलेलं पाणी दगडी फरशीवरून शेजारच्या अळवासारख्या माजलेल्या गवतात जात होतं. पाणी भरायला आलेल्या एक मावशी तिथेच उभ्या राहून ते वाया जाणारं पाणी बघत होत्या. मग पदराआडून त्यांनी ती बाटली काढली.

"मॅडम, हे तपासा."

"हे कधीचं?"

"पहाटेचं. पहाटे वास येतो याला. तुम्ही येता उन्हं चढल्यावर."

मी त्यांना समजावलं. बाटली आधी कशाची होती ते माहीत नाही, पाणी किती वेळ उन्हात होतं ते माहीत नाही, अशा पाण्याचा आकडा कुणी धरत नाही, मावशी. मी हे सगळं अगदी नीट, न चिडता सांगितलं. इतक्या वर्षांत ते पाठच झालंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या बाटलीतलं पाणी खरं नि माझ्या बाटलीतलं खोटं?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी बाटली घेतली, कारण न घेता तिथून निघणं जमेना. आठवड्याने रिपोर्ट तयार झाला. सहा नंबर: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, सगळ्यांपुढे बीडीएल. वासाच्या रकान्यात, 'आक्षेपार्ह नाही'.

बीडीएल म्हणजे यंत्राच्या पकडीच्या खाली. ही पकड कशी ठरते ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं, आणि खरं तर ती या धंद्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे. शुद्ध पाण्यात आपणच अगदी थोडं शिसं घालायचं आणि तेच पाणी सात वेळा मोजायचं. सातही वेळा उत्तर थोडं थोडं वेगळं येतं. पाणी तेच, शिसं तेवढंच, यंत्र तेच, मोजणारीही तीच, तरीही. मग ती सात उत्तरं एकमेकांपासून किती विखुरली ते काढायचं, त्याला ३.१४ ने गुणायचं, आणि येईल त्या आकड्याखाली आपण बोलायचं नाही. (हा वर्तुळाचा π, म्हणजे 'पाय', नव्हे. सात मापांसाठी संख्याशास्त्रातल्या तक्त्यात जो आकडा सापडतो तो योगायोगाने तसा दिसतो. नव्या मुलांना हे दर वर्षी सांगावं लागतं.) म्हणजे बीडीएल हे यंत्राने आपल्यापुरतं दिलेलं विधान असतं: मला इथपर्यंत दिसतं, त्याखालचं मला विचारू नका. पण कागद जसजसा टेबलं ओलांडतो तसतसं हे विधान बदलत जातं. आमच्याकडे 'बीडीएल' असतं. पुढच्या टेबलावर त्याचं 'आढळले नाही' होतं. त्याच्या पुढे 'नाही'. आणि शेवटी कुठेतरी फळ्यावर 'पाणी पिण्यास योग्य'. चारही जणांनी आपापलं काम चोख केलेलं असतं.

आकडेमोड करणाऱ्यांची पंचाईत आणखी वेगळी. सरासरी काढायची तर बीडीएलच्या जागी काहीतरी धरावं लागतं. कुणी शून्य धरतं. कुणी पकडीच्या निम्मं धरतं. कुणी पकडीला दोनाच्या वर्गमुळाने भागतं. मी स्वतः बरीच वर्षं निम्मं धरत आले. शून्य धरणं मला खोटं वाटतं आणि पूर्ण धरणं भित्रेपणाचं, म्हणून निम्मं. याला शास्त्र म्हणावं की तडजोड, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

आणि हे सगळं जे मोजलं त्याच्याबद्दल. जे मोजायच्या यादीतच नाही त्याला तर बीडीएलसुद्धा मिळत नाही.

बांगलादेशातल्या नळकूपांची गोष्ट या क्षेत्रातला प्रत्येकजण कधी ना कधी वाचतो, आणि मला वाटतं प्रत्येकाला ती वेगवेगळ्या वयात वेगवेगळी लागते. तळ्यातलं गढूळ पाणी पिऊन मुलं जुलाबांनी मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे नळकूप खोदले गेले. हेतू चांगला, काम चांगलं, पाणी थंडगार आणि नितळ. त्यात नैसर्गिकरीत्याच विरघळलेलं आर्सेनिक होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि पाण्याच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. अलीकडच्या बाजूला, पश्चिम बंगालमध्ये, १९८३ मध्ये डॉ. क्षितीशचंद्र साहा या त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या कातडीवरचे डाग आणि तळहातांवरचे खडबडीत फोड बघून हे पाण्यातल्या आर्सेनिकचं काम आहे हे ओळखलं. म्हणजे पहिला रिपोर्ट माणसांच्या तळहातांवर छापून आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात २००० साली याला लोकसंख्येच्या विषबाधेची इतिहासातली सर्वांत मोठी घटना म्हटलं गेलं. मग नळकूप तपासत सुटले आणि त्यांच्या तोट्यांना रंग लावले, लाल म्हणजे नको, हिरवा म्हणजे चालेल. तरुण होते तेव्हा मला त्यात त्या डॉक्टरांची नजर दिसली होती. आता मला ती यादी दिसते. कुणीतरी टेबलाशी बसून, अगदी शहाणपणाने, काय काय तपासायचं ते लिहिलं असेल. मीही याद्या लिहिते.

याच्या उलट्या बाजूची गोष्टही आहे: जे नाही ते दिसणं. फेरीवर निघताना आम्ही एक बाटली अशी नेतो जिच्यात प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी असतं. ती जागेवर उघडायची, बाकीच्या बाटल्यांना जे जे सोसावं लागतं ते सगळं तिलाही सोसायला लावायचं, तसंच ॲसिड, तसंच लेबल, तोच बर्फ, आणि परत आणायची. तिला फील्ड ब्लँक म्हणतात. तिने रिकाम्या हाताने परत यावं एवढीच तिच्याकडून अपेक्षा. एका फेरीत ती जस्त घेऊन आली, हापशाच्या पाण्याइतकंच. दोन दिवस आम्ही बाटल्या, ॲसिड, बर्फ, गाडीची डिकी, सगळं धुंडाळलं. शेवटी ते निघालं हातमोज्यांच्या पावडरीतून. म्हणजे प्रदूषण टाळण्यासाठी जे घातलं होतं तेच प्रदूषण. त्या फेरीचे जस्ताचे सगळे आकडे रद्द केले, आणि त्याआधीच्या फेऱ्यांचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. मीही नाही.

म्हणून क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाबद्दल मला विशेष ममत्व आहे. हा माणूस पृथ्वीचं वय काढायला बसला होता. उल्केतल्या शिशाचे अणू मोजायचे होते, पण जिकडे तिकडे शिसंच निघायचं: काचेच्या भांड्यात, नळाच्या पाण्यात, धुळीत, स्वतःच्या कपड्यांत आणि केसांत. त्याने वर्षानुवर्षं घासून पुसून, हवा गाळून, जवळजवळ धूळरहित अशी खोली उभी केली, आणि मगच त्याचं उत्तर बसलं. ४५५ कोटी वर्षं, १९५६ साली प्रसिद्ध झालं, आणि ते जवळपास तसंच टिकलं. दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. पॅटरसन त्या घाणीकडेच वळला. एवढं शिसं आलं कुठून? समुद्राच्या वरच्या थरात खोल पाण्यापेक्षा जास्त का? ग्रीनलंडच्या बर्फात जुन्या थरांत कमी आणि नव्यांत जास्त का? १९६५ साली त्याने लिहिलं की ज्याला आपण माणसाच्या शरीरातलं 'सर्वसामान्य' शिसं म्हणतो ते नैसर्गिक अजिबात नाही, ते पेट्रोलमधून आणि कारखान्यांतून आलेलं आहे. सगळेजण सारखेच माखलेले असल्यामुळे ते सर्वसामान्य वाटतं एवढंच. त्याला त्रास झाला, पैसा देणारे मागे सरले. शिसं घातलेलं पेट्रोल जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, थांबायला २०२१ उजाडलं. मला मात्र दर वेळी त्या ब्लँकचं अप्रूप वाटतं. सगळे ज्याला त्रास म्हणून वजा करत होते, त्यालाच तो मोजत बसला.

हवेचं काम पाण्यापेक्षा कोरडं आणि म्हणून मला जास्त आवडायचं. रुपयाच्या नाण्याच्या साधारण दुप्पट रुंद, दुधी पांढरा फिल्टर. आधी त्याला चोवीस तास ठरावीक दमटपणाच्या खोलीत ठेवायचं, मग अशा काट्यावर तोलायचं की ज्याला चुकून टेकलेल्या बोटाचा ठसाही कळतो. काट्याच्या काचेच्या पेटीत फिल्टर ठेवला की आकडे पोहत राहतात, वर, खाली, पुन्हा वर, आणि आपण श्वास रोखून बघत बसतो. मग तो यंत्रात बसवायचा, मिनिटाला १६.७ लिटर हवा त्यातून ओढायची. दिवसभरात २४ घनमीटर होते, एका माणसाला लागते त्याहून बरीच जास्त. दुसऱ्या दिवशी फिल्टर परत येतो तेव्हा तो राखाडी झालेला असतो, कधी तपकिरी, कधी मध्येच एखादं चिलट चिकटलेलं. चिलटाचं वजन हवेच्या नावावर टाकता येत नाही, मग चिमटा घेऊन त्याला उचलायचं किंवा फिल्टर रद्द करायचा, आणि वहीत 'कीटक' असा शेरा मारायचा. माझ्या एका वहीत सलग चार दिवस 'कीटक' आहे.

पण त्या राखाडी गोलात वेळ नसते. रात्री दोन वाजता कुणीतरी काहीतरी जाळलं असेल आणि दिवसभर वारा स्वच्छ असेल, तर दोन्ही मिळून एक बरासा आकडा तयार होतो. रात्री दोनला खोकत उठलेल्या माणसाला सरासरीत जागा नाही. आता दर मिनिटाला आकडा देणारी यंत्रं आली आहेत, आणि त्यांनी बरंच बदललंय हे खरं. पण मोजमाप कोणत्या रेषेशी ताडायचं ती रेषाही हलते. जागतिक आरोग्य संघटनेने सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा २०२१ मध्ये घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. त्या दिवशी हवा कणभरही बदलली नव्हती. आदल्या दिवशी चांगल्यात जमा असलेले कितीतरी आकडे एका रात्रीत वाईट झाले. माझ्या जुन्या वह्यांमधले तर बहुतेक सगळेच.

यंत्रांच्या आधी जनावरांना कळतं, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. जपानमधल्या मिनामाताच्या कोळीवाड्यांत मांजरांना झटके येत होते, ती गोल गोल फिरत, उड्या मारत, समुद्रात जाऊन पडत. लोकांनी हे बघितलं होतं. १ मे १९५६ ला माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद होण्याच्या आधीच. तिथल्या कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मग मांजरांवर प्रयोग सुरू केले. ४०० नंबरच्या मांजराला कारखान्याचं सांडपाणी अन्नातून दिलं आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याला तेच झटके आले. उत्तर मिळालं होतं, वहीत लिहिलेलं होतं. कारखान्याने ते बाहेर येऊ दिलं नाही. पारा हे कारण आहे आणि तो या कारखान्यातून येतो, हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. होसोकावांनी १९७० मध्ये, मृत्यूच्या आधी, रुग्णालयातल्या खाटेवरून साक्ष दिली. त्या मधल्या वर्षांत ते रोज सकाळी उठून काय करत असतील, हा विचार मला सोडत नाही. त्यांना कसं तोलावं हेही मला कळत नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो असं म्हणणारी माणसं मला फार भेटलीत. त्यातल्या कुणाला कधी एखादा रिपोर्ट दाबताना बघितलं नाही, पण एखादा रिपोर्ट जरा मऊ करताना बघितलंय.

आमच्याकडे मांजरं नाहीत, डॅफ्निया आहेत. पाण्यातले इवलेसे जीव, जन्मून चोवीस तासही न झालेले, डोळ्याला टिंबाएवढे दिसणारे. एका पेल्यात पाच, असे चार पेले, आणि त्यात तपासायचं सांडपाणी. अठ्ठेचाळीस तासांनी पेला हलकेच फिरवायचा आणि बघायचं: पंधरा सेकंदांत पोहायला लागला तर जिवंतांत धरायचा, नाही तर नाही. 'मेला' असं लिहायचं नसतं, 'हालचाल नाही' असं लिहायचं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्याचं अंग काचेसारखं आरपार असतं आणि पाठीपाशी हृदय फडफडताना दिसतं. पोहत नाही पण हृदय चालू आहे, असे पुष्कळ असतात. ते 'हालचाल नाही' मध्ये जातात. सुरुवातीला मी पंधराच्या पुढे मनातल्या मनात विसापर्यंत मोजायची. आता पंधराला थांबते.

आणि कधी कधी आकडा आलेला असतो, कागदावर असतो, पण तो इतका विचित्र असतो की आपणच त्याला बाजूला बसवतो. अंटार्क्टिकावर हॅली या ठिकाणी जोसेफ फारमन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं ओझोन मोजत होते. १९८० च्या सुमारास वसंतातला आकडा घसरायला लागला. त्यांना आधी वाटलं यंत्र बिघडलंय. दुसरं यंत्र आणलं, तोच आकडा. १९८५ मध्ये त्यांनी ते छापलं तेव्हा जगाने आकाशाकडे बघितलं. वरून फिरणाऱ्या उपग्रहालाही ते खड्डे दिसत होते, पण १८० एककांच्या खालच्या नोंदींवर आज्ञावली 'शंकास्पद' असा शिक्का मारत होती, कारण इतकं कमी कुणी कधी पाहिलं नव्हतं. शंकास्पद हा रकाना आमच्याही तक्त्यात आहे. मी त्यात काय काय टाकलंय ते मला पूर्ण आठवतही नाही. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं: बाटली फुटकी, ॲसिड जास्त, मदतनीसाने लेबलं बदललेली. एकदा मात्र एक आकडा मी नुसता न आवडल्यामुळे टाकला होता. बाकीच्यांशी जुळत नव्हता, आणि शुक्रवार होता.

सहा नंबरच्या हापशाकडे मला परत कुणी नेलं असेल तर ते फ्लिंटने. अमेरिकेतल्या त्या शहराचा पाण्याचा स्रोत २०१४ मध्ये बदलला आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी एका कार्यशाळेसाठी त्याची टिपणं काढत होते. २०१५ मध्ये तिथल्या ७१ नमुन्यांचा हिशोब मर्यादेच्या वर जात होता. त्यातले दोन नमुने वगळल्यावर तो १८ वरून ११ वर आला, आणि मर्यादा होती १५. ते लिहून घेतलं, चिडले, पुढे गेले. मग दुसरी एक ओळ आली. घरोघरी नमुने घेणाऱ्या लोकांना सूचना होती की आदल्या रात्री झोपण्यापूर्वी नळ काही मिनिटं सोडून ठेवा. नळात बराच वेळ साचलेल्या पाण्यात शिसं उतरतं. ते आधीच वाहून गेलं की सकाळचा नमुना चांगला येतो. मी पेन ठेवलं.

पाच मिनिटं हापसायचं, म्हणजे तुंबलेलं निघून जातं.

माझी पद्धत चुकलेली नव्हती, हे इथे नीट सांगायला हवं, नाही तर आमच्या धंद्यातले लोक माझा कान धरतील. मला विचारलं होतं की डेपोचं पाणी जमिनीत कुठवर आलं. त्याचं उत्तर पाइपातल्या शिळ्या पाण्यात नसतं, ते खालच्या खडकात असतं, आणि ते मिळवायचं तर शिळं पाणी सोडावंच लागतं. प्रश्न खडकाचा होता आणि उत्तर खडकाचं मिळालं. मावशींचा प्रश्न पहिल्या कळशीचा होता. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं, लोखंडाशी आणि तिथल्या जिवाणूंशी गुजगोष्टी केलेलं पाणी पहाटे पहिल्यांदा जी हापसेल तिच्या कळशीत जातं. तेच पाणी मी अकरा वाजता, तेही चारदोन घरांची कळशी भरून झाल्यावर, आणखी पाच मिनिटं हापसून गवतात सोडत होते. आणि मग वासाच्या रकान्यात लिहीत होते, आक्षेपार्ह नाही.

त्या संध्याकाळी मी बाटली फ्रिजमधून काढून उघडली. पिशवीचा तुकडा अलगद सोडवला आणि नाक लावलं. काहीच नाही. थंड प्लॅस्टिकचा वास, बस्स. असणारच नव्हता, असला वास वायूचा, तो अशा बाटलीत कोण धरून ठेवणार? त्यासाठी जागेवरच झिंक ॲसिटेट घालावं लागतं. बाटली बंद करून परत ठेवली.

वासावर मी फार विसंबतही नाही. आर्सेनिकला वास नाही, शिशाला नाही, आणि पाणी नितळ आहे म्हणून लोक निश्चिंत असतात तिथेच बहुधा गडबड असते. उलट सडक्या अंड्याचा वास येणारं पाणी नुसतं किळसवाणं असू शकतं, बाकी निरुपद्रवी. हवेत तर हायड्रोजन सल्फाइडची गंमत अशी की थोडा असला तर नाकाला लगेच कळतो, आणि खूप वाढला तर नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस आत उतरतो. पाण्यात मात्र लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपासही नाकाला तो लागतो. हा वायू लागला की काळी पडणारी आमच्याकडची साधी पट्टी असते, तिच्या कितीतरी आधी.

पुढच्या फेरीला मी ऑफिसच्या गाडीची वाट बघितली नाही. पावणेपाचला हापशावर पोचले तेव्हा अंधार होता आणि मावशी आलेल्या होत्या. मी त्यांना थांबवलं, "आधी मी, मावशी." एकही दांडा न मारलेला पाइप. पहिलं पाणी आलं ते खडखडत, हवा ओकत. झिंक ॲसिटेटच्या बाटलीत धरलं, मग काचेच्या छोट्या कुप्या भरल्या, वरपर्यंत, उलट्या करून बघितल्या, बुडबुडा नाही. हात थरथरत होते, थंडीने. एक पट्टी पाण्यावर धरली आणि टॉर्चच्या उजेडात बघत राहिले. पांढरी. आणखी दोन मिनिटं धरली. पांढरीच. ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं. ॲसिडं हुंगून हुंगून माझं नाक कधीच गेलंय, आणि रात्री नीट झोपही झाली नव्हती; मला ओल्या लोखंडाचा वास आल्यासारखं वाटलं, किंवा वाटावं असं वाटलं. मग मावशींनी कळशी पुढे केली, दोनदा हापसलं आणि कळशीवर वाकल्या.

"आला," त्या म्हणाल्या. "बघा, हाच."

मी पुन्हा वाकले. मला नाही आला.

वही उघडली. वेळ, ४.५२. पट्टी, बदल नाही. वासाच्या रकान्याशी पेन थांबलं. तिथे आमच्याकडे दोनच शब्द चालतात. मी लिहिलं, 'आहे', आणि पुढे कंसात, 'मावशी'.

दुसऱ्या दिवशी नोंदी संगणकावर चढवणाऱ्या मुलाने तिकडून हाक मारली, "मॅडम, सहा नंबरला वासापुढे कंसात काय लिहिलंय? मावशी की काहीतरी. हे कुठलं मानक?"

"तसंच चढव," मी म्हटलं.

"घेत नाहीये. ड्रॉपडाउन आहे."